तांडेलांचं वेंगण

डहाणूजवळच्या आगर या कोळीवाड्यात खोली शोधत फिरत होतो, तेव्हा एका घराच्या ओट्यावर बसलेल्या अवाढव्य माणसाने मला थांबवून विचारलं, "नवे मास्तर काय? पोहता येतं?"

"नाही."

"मग वरची खोली घ्या. खालची मी पोहणाऱ्यालाच देतो."

भाडं, पाणी, संडास यांबद्दल मी काही विचारायच्या आत माझी ट्रंक वर गेलीसुद्धा. मोठ्या उधाणाला समुद्र त्यांच्या अंगणात येतो, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ होता. पण तो मला पुढे पावसाळ्यात कळला, जिन्याखाली काढून ठेवलेली माझी चप्पल लाट घेऊन गेली तेव्हा.

मी मूळचा बार्शीकडचा. डहाणूच्या एका शाळेत गणित शिकवायला २०१५ साली लागलो आणि २०१९ पर्यंत त्या माडीवर राहिलो. घरमालकांना सगळं गाव तांडेल म्हणायचं. तांडेल म्हणजे मच्छीमार बोटीवरचा मुख्य माणूस. जाळं कुठे टाकायचं, परत कधी फिरायचं हे ठरवणारा. खरं तर मी गेलो तेव्हा बोट त्यांचा मुलगा चालवत होता, म्हणजे खरा तांडेल तो. पण कुणी "तांडेल" म्हणून हाक मारली की ओ वडील द्यायचे आणि मुलगा मान खाली घालून जाळं सांधत राहायचा.

डावं आणि उजवं हे शब्द तांडेलांना मंजूर नव्हते. माणूस फिरला की डाव्याचं उजवं होतं, उत्तर मात्र उत्तरेलाच राहते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे जेवताना ते बायकोला सांगायचे, "भाताच्या दक्षिणेला आमटी घाल." न्हाव्याला सांगायचे, "पश्चिमेचा कल्ला मोठा राहिला." आणि न्हाव्याने खुर्ची फिरवलेली असेल तर भलताच कल्ला कापला जायचा. मग ते पंधरा दिवस तसेच हिंडायचे, पण शब्द बदलायचे नाहीत.

बोलायचे ते ओरडूनच. इंजिनाच्या आवाजावर आवाज काढायची सवय लागलेली. मला ते कधी कधी खासगी गोष्टी सांगायचे, तेव्हा आधी अंगण ओलांडून माझ्या अगदी जवळ यायचे, कानाशी तोंड आणायचे आणि मग ओरडायचे.

खाणं हा त्यांचा दुसरा धंदा होता. सकाळी तांदळाच्या भाकरीबरोबर बोंबील, दुपारी घोळ माशाचं कालवण, संध्याकाळी ताडीबरोबर भाजलेलं सुकट, रविवारी मटण. मी जन्माचा शाकाहारी आहे कळल्यावर त्यांना माझी दया यायला लागली. मी मेथीची भाजी आणि भाकरी घेऊन गॅलरीत बसलो की खालून विचारायचे, "मास्तर, तुमी जेवता की नुसतं तोंड धुता?"

त्यांच्या बायकोला सगळे मावशी म्हणायचे, मीही म्हणायचो. मावशी काटक, बारीक, आणि किनाऱ्यावरच्या मासळीच्या लिलावातली सगळ्यांत खणखणीत बाई. त्या दोघांना शेजारी उभं केलं की समोरासमोरच्या पानांवरची दोन वेगवेगळी चित्रं चुकून एकत्र छापली गेलीत असं वाटायचं.

मी यायच्या आधीच्या मोसमात एक गोष्ट घडली होती. आगरच्या बोटी किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात नांगरलेल्या असतात. छोट्या होडीतून तिथवर जायचं आणि दोराला धरून बोटीवर चढायचं. चढताना तांडेलांचा हात सुटला आणि ते होडी आणि बोट यांच्या मधल्या फटीत पाण्यात पडले. चार खलाशांना ते वर ओढता येईनात. शेवटी मुलाने जाळं ओढायचं मशीन सुरू केलं, त्यांच्या काखेत दोर घातला आणि वडिलांना समुद्रातून उचलून फळ्यांवर टाकलं. मुलगा पांढराफटक पडला होता म्हणतात. तांडेलांनी मात्र पडल्या पडल्या मशीनला तेल कमी पडलंय असं सांगितलं.

त्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, आधी वजन कमी करा. मग या बोटीवर."

तांडेल त्यानंतर दोन वर्षं फुगून बसले. बोट सुटायच्या वेळी ते मुद्दाम घरात थांबायचे, आणि ती दिसेनाशी झाली की ओट्यावर यायचे. एकदा मी त्यांना विचारलं, रात्री झोप का लागत नाही तुम्हाला? सारखे ओट्यावर फेऱ्या मारत असता.

ते माझ्या कानाशी आले आणि ओरडले, "घर हलत नाय, मास्तर!"

चाळीसेक वर्षं हलत्या फळ्यांवर झोपलेल्या माणसाला न हलणारा पलंग छळत होता. मावशींनी पुढच्या खोलीत झोपाळा टांगून घेतला होता, तोही त्यांच्यासाठीच. पण झोपाळ्याचा एकच कोन आणि समुद्राचे हजार, असं म्हणून ते त्याच्यावर नुसते बसायचे.

मग २०१७ची होळी झाली आणि त्यांच्या वापीला दिलेल्या मुलीने त्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात कुठलासा गोरा माणूस आधी पिंपासारखा होता आणि नंतर वेतासारखा. तांडेल तो फोन घेऊन जिना चढून वर आले. ते वर येणं ही त्या घरातली मोठी घटना होती. जिन्याने प्रत्येक पायरीला तक्रार केली.

"मास्तर, हे वेगन म्हणजे काय?"

मी सांगितलं. मटण नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत.

"म्हणजे तुमच्यासारखं." त्यांचा चेहरा पडला.

"नाही, माझ्याहून कडक. दूध नाही, दही नाही, तूप नाही. मधसुद्धा नाही."

"दूध नाय?"

"नाही."

ते हळूहळू माझ्या टेबलाकडे वळले. तिथे माझा चहाचा कप होता. त्यांनी कपात वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरलेलो नाही.

"म्हणजे तुमी पण बाटलेलेच!"

मला वाटतं, त्यांचा निश्चय त्याच क्षणी झाला. वजनाचं, बोटीचं होतंच. पण बार्शीच्या जन्मजात शाकाहारी मास्तराला शाकाहारात मागे टाकायची संधी त्यांना दिसली. दुसऱ्या दिवसापासून मी दूध घेऊन जिन्याने चढलो की ते ओट्यावरून मान हलवायचे. "चालू द्या," म्हणायचे. "ज्याचा त्याचा प्रश्न."

पुढचा घोटाळा मावशींनी केला. त्यांनी किनाऱ्यावर बायकांना सांगितलं, "आमचा माणूस आता वेगनच खाणार."

डहाणूकडे अर्धा बाजार गुजराती बोलतो, आणि गुजरातीत वांग्याला वेंगण म्हणतात. बायकांनी वेंगण ऐकलं. संध्याकाळपर्यंत आगरपासून डहाणूच्या भाजीबाजारापर्यंत सगळ्यांना कळलं होतं की तांडेलांना काहीतरी भयंकर आजार झालाय आणि डॉक्टरांनी वांगी सोडून काहीही खायला बंदी केलीय. लोक भेटायला यायला लागले. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून प्रत्येक जण वांगी घेऊन यायचा. लांब हिरवी, गोल जांभळी, काटेरी, पांढरट. ओट्यावर ढीग लागला.

"अवो, त्यांना सांगा ना, वेंगण नाय, वेगन म्हणून," मावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"आता नाय सांगणार," तांडेल म्हणाले. "माणसं एवढ्या प्रेमाने आणतात. आणि एकदा दिशा धरली की धरली."

म्हणून त्यांनी वांगी खायला सुरुवात केली. भाजलेली, तळलेली, भरलेली, उकडलेली. घरात बाकीच्यांसाठी मासे शिजायचेच. तेव्हा ते स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायचे आणि नाकाला रुमाल बांधायचे. त्या रुमालाला ते लिंबू चोळून घ्यायचे. सकाळी भेटले की मला रात्रीची स्वप्नं सांगायचे. एकदा म्हणाले, "काल घोळ आली होती. पायाशी बसून राहिली. बोलली काय नाय." दुसऱ्या आठवड्यात कोळंबी आली, तीही घोळक्याने. पापलेट एकदा येऊन तोंड फिरवून गेलं, ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

मला ते गुरू मानायचे नाहीत, पण शंका मलाच विचारायचे.

"ताडी वेगन हाय?"

"झाडाची आहे. म्हणजे आहे."

"तिच्यात मुंगी पडते."

"गाळून घ्या."

"मुंगी आत बुडून मेली, तिचा रस उतरला, तर?"

त्यांनी ताडी जाळ्याच्या बारीक कापडातून दोनदा गाळायला सुरुवात केली आणि गाळायच्या श्रमांची भरपाई म्हणून दुप्पट प्यायला. चिकू वेगन, केळी वेगन, शेंगदाणे वेगन, तेलात सोडलेली वांग्याची भजी तर वेगनच. ओट्यावर ते सतत काहीतरी वेगन चघळत असायचे.

महिना झाला तेव्हा त्यांनी जाहीर केलं की किनाऱ्यावर सगळ्यांसमोर वजन करायचं. घरात काटा नव्हताच. व्यापारी ज्या मोठ्या काट्यावर मासळीच्या टोपल्या तोलतात त्याच काट्यावर तांडेल चढले, लिलाव ऐन रंगात असताना. छाती पुढे, नजर समुद्राकडे. काट्यावरच्या माणसाने आकडा वाचला, डोळे चोळले आणि पुन्हा वाचला. महिन्यापूर्वी याच काट्यावर केलं होतं, त्याहून वजन वाढलं होतं.

तेवढ्यात मावशींचा खणखणीत आवाज आला.

"बोला, बोला! ताजा माल! बर्फ नाय, पाणी नाय, आजच सकाळी उठवलाय!"

सगळा किनारा हसत सुटला. एक बाई ओरडली, "डोकं काढून वजन कर गो!"

"त्याने फरक पडायचा नाय, ते हलकंच हाय."

"पोट साफ केलेलं हाय काय?"

"पोटाचं विचारू नको. महिनाभर वांगी भरलीत."

उंबरगावचा एक व्यापारी माल तपासतात तसा तांडेलांचा गाल दाबून बघायला पुढे आला आणि त्यांनी नुसतं बघितल्यावर मागे गेला. बोली कुणी लावेना. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बघा! मी एका बोलीत घेतला होता. परत घेता काय, एवढं विचारायचं राहिलं."

तांडेल काट्यावरून हलले नाहीत. "नैऋत्येचा वारा हाय," ते म्हणाले. "वाऱ्याने काटा दाबला जातो." पण घरी आल्यावर ओट्याच्या पायरीवर त्यांचा हात भिंतीला टेकला तेव्हा मी पाहिलं की त्यांचा श्वास लागला होता. मुलगा अंगणात जाळं वाळत घालत होता. त्याने लिलावाचं ऐकलं होतं, पण हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर मला सुटकेसारखं काहीतरी दिसलं आणि त्याचा अर्थ त्या वेळी लागला नाही.

त्याच आठवड्यात झरीचे काका आले. तलासरी तालुक्यातलं झरी हे डोंगराकडचं गाव. काका तिथले शेतकरी, तांडेलांचे जुने दोस्त. तांडेल दर वर्षी त्यांना सुके बोंबील द्यायचे आणि ते नवा तांदूळ द्यायचे. हा व्यवहार दोघांच्या वडिलांपासून चालत आलेला. तांडेल आजारी असल्याचं झरीपर्यंत पोचलं होतं, म्हणून काका एस.टी.च्या टपावरून पोतंभर वांगी घेऊन आले होते.

त्यांनी तांडेलांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुला काय झालंय? तू तर बैलासारखा आहेस."

तांडेलांनी काकांना खरं सांगितलं. मासे नाही, मटण नाही, दूध नाही, तूप नाही. नुसता भात, नागलीची भाकरी, भाजी. त्याला वेगन म्हणतात.

काकांनी वांग्यांचं पोतं भिंतीला लावलं. मग म्हणाले, "पावसाळ्यात आमच्या घरात काही नसतं तेव्हा आम्ही हेच खातो. त्याला नाव आहे, ते आज कळलं."

"तुमी बारीक कसे?"

"आम्ही ते खातो आणि मग शेतात जातो. तू ते खाऊन ओट्यावर बसतोस."

यावर तांडेलांनी विचार केला असावा, कारण जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली आणि बोटी किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, तसे ते एक लुंगी आणि लिंबाचा रुमाल घेऊन झरीला निघून गेले. भातलावणीला.

तीन आठवडे काही खबर नाही. तांडेल फोनवर बोलायचे, पण एवढ्या मोठ्याने की समोरच्याला शब्द कळायचे नाहीत. शेवटी मावशी मला म्हणाल्या, "मास्तर, जाऊन बघा तरी. लाज वाटेल असं काही करत असेल तर तिथेच ठेवा, आणू नका."

रविवारी मी तलासरीला उतरून जीपने झरीला गेलो. पाऊस उघडला होता. शेतात चिखलणी चालली होती आणि लांबूनच मला तो आवाज ऐकू आला, "ईशान्येला घे! ईशान्येला!" चिखल सपाट करायला बैलांच्या मागे एक आडवी फळी बांधतात आणि ती नीट दबावी म्हणून तिच्यावर वजन ठेवतात. त्या फळीवर तांडेल उभे होते. दोन्ही पाय फाकून, गुडघे वाकवून, एका हाताने दोर धरून. बैल त्यांना चिखलातून ओढत होते, फळी डुलत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चिखलाच्या आतून इतकं सुख दिसत होतं की मी हाक मारायची विसरलो.

"पहिल्या दिवशी पायी उतरला तो मांडीपर्यंत रुतला," काका बांधावर माझ्या शेजारी येऊन म्हणाले. "बायांनी ओढून काढला. मग म्हटलं, याला फळीवर ठेवू. दर वर्षी दोन धोंडे लागतात मला. यंदा धोंड्यांना सुट्टी."

मग त्यांनी बोट दाखवलं. तांडेलांच्या पायाशी फळीवर एक धोंडा होता.

"हा परवापासून ठेवावा लागतोय. फळी दबेनाशी झाली."

एवढं अचूक वजन मी आजवर दुसऱ्या कुठल्या काट्यावर पाहिलेलं नाही. संध्याकाळी तांडेल बांधावर बसले तेव्हा त्यांची लुंगी कमरेला नायलॉनच्या दोरीने बांधलेली होती. काकांच्या घरच्यांनी त्यांच्यासाठी राखलेला कोंबडा शेजारी फिरत होता. तो खायला नकार दिल्यावर घरात दोन दिवस अबोला झाला होता, आणि मग सगळ्यांनी ठरवलं होतं की समुद्राकडची माणसं अशीच असतात.

"मास्तर," तांडेल माझ्या कानात ओरडले, "इथे झोप लागते!"

"का बरं?"

"दिवसभर फळीवर डुललो की रात्री जमीन हलते."

श्रावणात ते आगरला परतले तेव्हा मावशींनी आधी त्यांना ओळखलं नाही, मग ओळखलं आणि दार लावून घेतलं. गाल गेले होते, गळ्याखाली कातडी लोंबत होती, पण माणूस भराभर चालत होता. पुन्हा काट्यावर चढायचा आग्रह कुणी केला नाही. त्यांनी सरळ मुलासमोर जाऊन दोन्ही हात पसरले आणि स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

"वजन कमी कर बोललास. केलं."

मुलगा जाळ्याच्या गाठीशी चाळा करत राहिला. "अजून थोडं..." असं काहीतरी पुटपुटला.

मावशी आतून ओरडल्या, "ने त्याला! दोन दिवसांत झोपाळ्याची एक कडी तुटली, एवढे झोके घेतो. ने आणि समुद्रात हलव!"

नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ दिले गेले आणि मोसमाची पहिली बोट सुटायची वेळ आली. सगळा किनारा बघायला उभा होता. होडी बोटीला लागली. लांबून आम्हाला एवढंच दिसलं की एक माणूस दोर धरून उठला आणि पापणी लवायच्या आत वर होता. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी नाही वाजवल्या. त्या पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. तांडेलांच्या मागोमाग एक पोतं वर चढवलेलं दिसलं. ते वांग्यांचं होतं, झरीहून आणलेलं.

पाचव्या दिवशी बोट परत आली. माल चांगला होता, पण खलाशी उतरले ते तोंडं पाडून, आणि त्यांतले दोघे सरळ समोरच्या खानावळीत गेले आणि उभ्या उभ्या तळलेले बोंबील खायला लागले. मुलगा घरी आला तो रागाने थरथरत होता. मी जिन्यावर होतो. मला वर जावं की खाली यावं ते कळेना, म्हणून तिथेच थांबलो.

"विचार यांना, काय केलं ते," तो आईला म्हणाला.

काय केलं ते मग तुकड्या-तुकड्याने बाहेर आलं. बोटीवर एकच चूल, एकच जेवण. तांडेल चढले आणि पहिलाच हुकूम सुटला की मासा हा विकायचा माल आहे, खायचा नाही. वांगी शिजवा. आणि स्वयंपाक्याने शिजवली. खलाशांनी खाल्ली. कारण त्यांच्यातल्या निम्म्यांना जाळं धरायला तांडेलांनीच शिकवलेलं. त्यांचा आवाज आला की हात आपोआप हलायचे. मुलगा सांगतोय दक्षिणेला चला आणि सुकाण धरलेला माणूस तांडेलांच्या तोंडाकडे बघतोय. तिसऱ्या दिवशी मुलाचं डोकं फिरलं आणि त्याने उरलेली वांगी पोत्यासकट समुद्रात उपडी केली.

"मग?" मावशींनी विचारलं.

"मग सकाळी जाळं ओढलं," मुलगा म्हणाला. "जाळ्यात वांगी."

मावशींनी मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते.

"हसू नको! रात्रभर पाण्यावर तरंगली ती आणि आमच्याच जाळ्यात आली. आणि हे काय बोलले माहिताय? 'समुद्राने परत दिली, शिजवा!'"

तांडेल झोपाळ्यावर बसले होते. "खारवलेली चांगली लागली," ते म्हणाले.

मग मुलगा खाली बसला. त्याचा आवाज एकदम उतरला. "बाबा, तुमचं वजन एवढं कमी झालं. तरी तुमी बोटीवर आलात की मला उभं राहायला जागा उरत नाय."

झोपाळा थांबला.

तांडेल स्वतःच्या हातांकडे बघत राहिले, मग पोटाकडे, जिथे आता काही उरलं नव्हतं. आणि पहिल्यांदाच, माझ्या माहितीत तरी, ते हळू बोलले. इतकं हळू की मला जिन्याच्या दोन पायऱ्या उतराव्या लागल्या.

"हे आधी बोलायला काय झालं होतं?"

"तुमी रडला असता."

"मग हे सगळे महिने वांगी खाऊन मी हसत होतो काय?"

मुलाने मान वर केली. कोण आधी हसलं ते मला दिसलं नाही, कारण मध्ये मावशी उभ्या होत्या. पण हसता हसता मुलाने डोळे पुसले, आणि तांडेलांनी पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग मावशी काही न विचारता आत गेल्या आणि तळलेल्या बोंबलांचं ताट आणून दोघांच्या मध्ये ठेवलं. तांडेलांनी एक उचलला. बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. स्वप्नात हा आला होता की नाही, ते आठवत असावेत. मग खाल्ला.

पुढच्या फेरीला ते गेले नाहीत. आदल्या दिवशी मुलगा त्यांच्याजवळ येऊन, इकडेतिकडे बघत, जाळं कुठे टाकावं असं विचारत होता. तांडेल म्हणाले, "तुझी बोट. तुला ठाऊक." आणि ओठ घट्ट मिटून बसले.

सकाळी बोट सुटताना मी शाळेला निघालो होतो. होडी लांब गेली, बोटीवर माणसं चढली, इंजिन सुरू झालं, नांगर उचलला गेला. तांडेल ओट्यावर बसलेले. एकदम उठले आणि धावत सुटले. वाळू ओलांडून, बोंबील वाळत घातलेल्या मांडवांच्या मधून, सरळ पाण्यात. गुडघा, कंबर, छाती. किनाऱ्यावरच्या बायका काम सोडून उभ्या राहिल्या. मावशी म्हणाल्या, "गेला. राहवलं नाय."

बोटीवर मुलाने त्यांना पाहिलं असावं. इंजिनाचा आवाज कमी झाला. तो काठावर आला, दोन्ही हात कठड्यावर ठेवून, ऐकायला तयार होऊन.

तांडेलांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. एक लाट त्यांच्या डोक्यावरून गेली, ते वर आले, आणि मग सगळ्या आगरला ऐकू जाईल असे ओरडले:

"मीठ बघून घाला! कालवण खारट करू नका!"

मुलाने हात वर केला. इंजिन वाढलं आणि बोट निघाली. तांडेल छातीएवढ्या पाण्यात तिच्याकडे बघत उभे होते, आणि येणारी प्रत्येक लाट त्यांना थोडं उचलत होती, थोडं खाली ठेवत होती. मावशींनी दोनदा हाक मारली तरी ते लवकर बाहेर आले नाहीत.